नारायणरावांचं खातं

1967 सालचा जुलै महिना. आषाढी दोन-तीन दिवसांवर आलेली. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात आमचं दोन खणांचं घर होतं आणि मी आठ वर्षांचा होतो. आबा, म्हणजे माझे आजोबा, एका आडत दुकानात मुनीम होते. त्या दिवशी ते दुकानातून परतले, पण नेहमीसारखे ओट्यावर टेकले नाहीत. चपला काढून सरळ परसात गेले आणि डोक्यावरून गार पाणी घेऊ लागले. आमच्याकडे अशा अवेळी डोक्यावरून पाणी घ्यायचं कारण एकच असे. आजी चुलीपुढून उठून आली आणि तिनं कोण गेलं म्हणून विचारलं. आबांनी नारायणराव गेले, एवढंच सांगितलं. आजीनं पदर तोंडाला लावला. त्या रात्री चूल पुन्हा पेटली नाही. आम्हा पोरांना सकाळच्या भाकरी आणि दूध मिळालं.

मी मनातल्या मनात सगळे नातेवाईक मोजले. औशाला आमचे एक नारायणराव होते, पण ते तर परवाच बाजाराला येऊन जेवून गेले होते. रात्री आबांनी माळ्यावरचा फोनो खाली काढला. शेठजींनी घरी रेडिओ घेतला तेव्हा त्यांनी तो जुना फोनो आबांना देऊन टाकला होता. त्याबरोबर पाच-सहा तबकड्याही आल्या होत्या. आबांनी किल्ली भरली, सुई टेकवली. खरखर झाली आणि एक बाई गाऊ लागली. ही कोण बाई, असं मी आजीला विचारलं. आजीनं डोळे पुसत सांगितलं, की हेच ते नारायणराव. मी काही न समजून फोनोच्या कर्ण्यात वाकून पाहिलं होतं, ते अजून आठवतं.

वाचकहो, ते नारायणराव म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. 15 जुलै 1967 रोजी ते पुण्यात गेले. त्याला आता साठ वर्षं होत आली. त्यांच्या गाण्यावर अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. मी गाण्यातला अधिकारी नव्हे. मी अडतीस वर्षं बँकेत काढली आणि सवड मिळेल तेव्हा कादंबऱ्या लिहिल्या. माणूस समोर आला की त्याची पत किती आणि थकबाकी किती, हे पाहण्याची सवय डोळ्यांना लागलेली. ती सेवानिवृत्तीनंतरही सुटत नाही. तेव्हा बालगंधर्वांचं आयुष्य मी माझ्या परीनं, म्हणजे खातेवही उघडून सांगणार आहे. ते खातं तपासताना माझ्या स्वतःच्या वहीतली एक चूक मला सापडली, तीही सांगायची आहे.

राजहंसांचं मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातलं नागठाणे. नारायणाचा जन्म 26 जून 1888 चा. घर मध्यम परिस्थितीचं, पण पोराचा गळा दैवी. लहानपणी पुण्यात त्याचं गाणं लोकमान्य टिळकांच्या कानावर पडलं आणि त्यांच्या तोंडून बालगंधर्व हे नाव निघालं, अशी हकीगत सर्वश्रुत आहे. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं या मुलाकडे लक्ष गेलं. मुलाला कानाचा त्रास होता. महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार करवून दिले. गवयाचा कानच अधू राहिला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणून या खात्यावर जमेची पहिली मोठी रक्कम कुणाची असेल तर ती शाहू महाराजांची, असं मी मानतो.

त्या काळात स्त्रियांनी रंगभूमीवर येणं शिष्टसंमत नव्हतं. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. किर्लोस्कर नाटक मंडळीतले भाऊराव कोल्हटकर आधी स्त्रीभूमिकांसाठी गाजले होते. ते 1901 साली गेले आणि मंडळीला तशा गळ्याची वाण पडली. 1905 मध्ये नारायणराव मंडळीत दाखल झाले. वय सतराचं. 'शाकुंतल'मधली शकुंतला, 'सौभद्र'मधली सुभद्रा, 'शारदा' नाटकातली शारदा अशा भूमिका एकामागून एक आल्या आणि महाराष्ट्र त्यांच्या नादी लागला. भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू लाभला. ख्यालाची भारदस्त तालीम घेतलेला गळा, पण तो नाटकात शिरताना शब्दाला कुठं धक्का लागू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. सुरात लाडिकपणा असे, पण सूर हलत नसे. एकाच पदाला पुन्हा पुन्हा फर्माईश झाली तरी ते दर वेळी निराळं गात. नाटक रात्री सुरू होई आणि पहाट होऊन जाई.

1911 सालच्या 12 मार्चची गोष्ट मराठी घरांतून अजून सांगितली जाते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' मुंबईत पहिल्यांदा रंगभूमीवर येणार होतं. संगीत गोविंदराव टेंब्यांचं. नायिका भामिनी म्हणजे बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारली. खेळ रद्द करायला कुणी हरकत घेतली नसती. पण लोक गावोगावहून आलेले आहेत, त्यांचा विरस करायचा नाही, असं ठरवून ते रंग लावून उभे राहिले.

ही गोष्ट लहानपणी ऐकताना अंगावर काटा यायचा. पुढं मला मुली झाल्यावर मात्र मी ती वेगळ्या तऱ्हेनं ऐकू लागलो. त्या रात्री घरी लक्ष्मीबाई होत्या. त्यांचं लेकरू गेलं होतं आणि नवरा शालू नेसून दिव्यांच्या झगमगाटात गात होता. त्यांच्याविषयी फारसं कुणी लिहिलेलं नाही. मोठ्या माणसाच्या खात्यावर घरच्यांच्या नावानं जे पडतं, ते बहुधा कुठंच टिपलं जात नाही.

1913 मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा आश्रय मिळाला. 1916 साली 'स्वयंवर' आलं. रुक्मिणीची भूमिका, भास्करबुवांचं संगीत. त्या पदांनी मराठी माणसाला रागदारी कानवळणी पाडली. ज्यांना यमन आणि भीमपलास यांची नावंही ठाऊक नव्हती, ते लोक त्या सुरांवर गाई दोहू लागले. 1919 मध्ये 'एकच प्याला' आलं, तेव्हा नाटककार राम गणेश गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. जरतारी शालूंत शोभणारे बालगंधर्व या नाटकात दारुड्या नवऱ्याची बायको सिंधू झाले. फाटकं लुगडं नेसलेली सिंधू जात्यावर बसली की थिएटरातला बायकांचा विभाग हुंदके देई. एरवी याच बायका त्यांच्याकडे पाहून नेसायला शिकल्या, अंबाड्यावर फुलं कशी माळायची ते शिकल्या. पुरुषाकडून बाईपणाचे धडे घेण्याचा असा प्रकार दुसरीकडे क्वचितच घडला असेल.

आता खर्चाची बाजू पाहू. युरोपात ऑपेरा म्हणून गायननाट्याचा जो थाट आहे, त्याच्या मागे राजांचे खजिने उभे असत, पुढं सरकारं आणि नगरपालिका उभ्या राहिल्या. आपल्याकडे संस्थानिकांचा आश्रय असे, पण रोजचा भार मालकाच्या शिरावर आणि दाराशी फाडलेल्या तिकिटांवर. गंधर्व मंडळी म्हणजे एक फिरतं गावच. नट, गवई, पडदे रंगवणारे, कपडेपटवाले, आचारी, गडीमाणसं, त्यांची बायकापोरं. गावोगाव मुक्काम, सामानाच्या वाघिणी, थिएटरांची भाडी, रोजच्या पंगती. तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष, म्हणजे राजदरबारात शोभावी अशी साथ. शालू खरे, अत्तर खरं. प्रेक्षकांसमोर खोटं काही मांडायचं नाही, हा मालकाचा हट्ट.

1920 साली 'द्रौपदी' बसवलं, तेव्हा त्यातल्या मयसभेसाठी त्यांनी पैशाकडे पाहिलंच नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खेळतं भांडवल सगळं पडद्यांत आणि जरीत अडकलं. भागीदार एकेक करून आधीच बाजूला झाले होते. 1921 मध्ये हिशेब बाहेर आले तेव्हा मंडळीच्या डोक्यावरचं कर्ज लाखाच्या पुढं गेल्याचं दिसलं. सोनं वीस-पंचवीस रुपये तोळा असण्याचे ते दिवस. म्हणजे रक्कम केवढी, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

गंमत अशी की त्याच वर्षीच्या 8 जुलैला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक संस्था टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. तिकिटांवर अक्षरशः उड्या पडल्या. तीन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव ऐन तिशीत गेले. स्वतः कर्जात बुडालेला माणूस देशाच्या झोळीत पैसे टाकायला उभा राहतो, हे खातं कुठल्याही बँक अधिकाऱ्याला चक्रावून टाकील.

कर्ज बुडवायला वाटा होत्या. कोर्टात जाऊन हात वर करता आले असते. वर्गणी काढून मदत करायला रसिकही तयार होते. बालगंधर्वांनी दोन्ही नाकारलं. सगळं देणं आपल्या शिरावर घेतलं आणि गाऊन फेडायचं ठरवलं. पुढली सहा-सात वर्षं ते गावोगाव गात राहिले आणि ते कर्ज फिटलं. माझ्या नोकरीत मी मोठमोठे कर्जदार पाहिले. गिरण्या असलेले पाहिले, बागाईतवाले पाहिले. ज्याच्याजवळ तारण म्हणून फक्त स्वतःचा गळा आहे आणि त्या गळ्यावर ज्यानं लाखाचं कर्ज फेडलं, असा कर्जदार मला भेटला नाही.

पण एक बाजू सांगून दुसरी लपवणं हिशेबात बसत नाही. कर्ज फिटल्यावर ते शहाणे झाले, असं काही नाही. हात तसाच सैल राहिला. पैसा आला तसा गेला. देणी पुन्हा वाढली. मंडळीवर ज्यांची पोटं होती, त्यांना त्या सैल हाताची झळ बसलीच असणार. माझ्यासमोर त्यांचा कर्जाचा अर्ज आला असता तर मी तो नाकारला असता, आणि नियमानं माझं बरोबरच ठरलं असतं.

तशात बोलपट आला. चार-आठ आण्यांत पडद्यावर नाच-गाणं दिसू लागलं आणि रात्रभराच्या नाटकाची सद्दी संपत चालली. 1931 च्या 'कान्होपात्रा'तल्या अभंगांनी अजून लोक डोलत होते, पण गल्ला हटत होता. 1934 च्या सुमारास मंडळीचा संसार आवरावा लागला आणि बालगंधर्व प्रभात कंपनीत गेले. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला 'धर्मात्मा' 1935 मध्ये आला. त्यात बालगंधर्व संत एकनाथ झाले होते. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना याचं अप्रूप वाटतं. आयुष्यभर पैठणी नेसणारा हा नट पुरुषवेषात पडद्यावर आला, तो पैठणच्या नाथांच्या रूपानं. पण कॅमेऱ्यापुढं तुकड्या-तुकड्यानं गाणं त्यांना मानवलं नाही. समोर माणसं नसताना ते गाणार कुणासाठी? एका चित्रपटावर ती भागीदारी संपली आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले.

त्यांचं वय पन्नाशीकडे आलं होतं. अंग सुटलं होतं. रंगभूमीवर आता खऱ्या स्त्रिया येऊ लागल्या होत्या आणि काळाला पुरुषाची सुभद्रा नको होती. 1938 च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यांच्या गाण्यावर बालगंधर्वांचीच छाप होती. 1940 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. पुढं बालगंधर्व गोहरबाईंबरोबर राहिले. जवळची माणसं दुरावली, लोकांनी तोंड भरून नावं ठेवली. बाई मुसलमान, त्यात गाणारी. आपल्या समाजानं देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाला किती पटकन ओसरीवर आणून बसवलं, हे त्यात दिसतं. पण त्यांचे पाय निकामी झाल्यावर, पैसा आणि माणसं दोन्ही आटल्यावर सोबत राहिल्या त्या गोहरबाईच. 1964 मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराचा पाया 1962 मध्ये त्यांच्याच हस्ते घातला गेला होता. त्याचं उद्घाटन 26 जून 1968 ला झालं. ते पाहायला ते नव्हते.

आता आबांकडे येतो. नांदेड-लातूरचा आमचा मुलूख निजामाचा. सरकारी भाषा उर्दू, नाणं हाली सिक्का. सभेला, मेळाव्याला परवानगी लागायची. पुण्या-मुंबईत जे चाले, त्याची कीर्ती आमच्याकडे येई. ते पाहायचं तर सरहद्द ओलांडून जावं लागे. लातूरहून बार्शीकडे अरुंद रुळांची छोटी गाडी होती. ती रखडत रखडत कुर्डुवाडीला नेऊन सोडी. तिथून मोठ्या गाडीनं सोलापूर. आबा पंचविशीत असताना गंधर्व मंडळीचा सोलापूरला मुक्काम असल्याची बातमी बाजारात आली आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. मुनिमाचा पगार तो केवढा. त्यातून हाली रुपयाला इंग्रजी मुलखात पूर्ण किंमत नसे. सात हाली दिले की सहा कलदार हातात पडत. आबांनी शेठजींकडून उचल घेतली, पैसे बदलून घेतले आणि सोलापुरात 'स्वयंवर' पाहिलं. मागं उभं राहून, रात्रभर. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी दुसरं नाटक पाहिलं नाही. पाहायची गरज वाटली नाही, असं ते म्हणत.

माझी चूक आहे ती 1988 सालची. बालगंधर्वांचं ते जन्मशताब्दीचं वर्ष होतं. मी बालाघाटाच्या डोंगरातल्या एका लहान शाखेत अधिकारी होतो. रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर मोठा लेख आला होता. तो कापून मी टेबलाच्या खणात ठेवला होता आणि दुपारी डबा खाताना पुन्हा वाचत होतो. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले. धोतर, काळी टोपी, हातात घडी घातलेला कागद. तरुणपणी ते एका लहानशा फिरत्या नाटक कंपनीत पायपेटी वाजवत. कंपनी मोडली तेव्हा पगाराच्या बदल्यात ती पायपेटी त्यांच्या वाट्याला आली. तिच्या जिवावर ते गावच्या पोरांना आणि भजनी मंडळाला शिकवत होते. आता तिचा भाता उंदरांनी कुरतडला होता, निम्मे सूर मुके झाले होते. मिरजेच्या कारागिरानं दुरुस्तीचा अंदाज दिला होता, अठराशे रुपये.

मी अर्जाचा नमुना काढला. त्यात उद्देश नावाचा रकाना असे. म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र, बैलगाडी, विहिरीवरचं इंजिन या सगळ्याला त्यात जागा होती. पेटीला नव्हती. वय सत्तरीच्या पुढं, नावावर जमीन नाही, जामीनदार नाही. मी त्यांना चहा पाजला आणि हे बसत नाही, असं नम्रपणे सांगितलं. ते उठले. जाता जाता त्यांची नजर टेबलावरच्या त्या कात्रणावर गेली. फोटो पाहून त्यांनी हात जोडले. मग मला विचारलं, की नारायणराव आले असते तर त्यांना तरी इथं कर्ज मिळालं असतं का. मी हसून नकारार्थी मान हलवली. तेही हसले. त्या हसण्यात राग नव्हता, हेच मला पुढं टोचत राहिलं.

नियम मोडायला हवा होता, असं मी म्हणत नाही. पण लहान व्यवसाय म्हणून, शिकवणी म्हणून, कशाखाली तरी तो अर्ज बसवता आला असता. मन असतं तर रकाना सापडला असता. निदान माझ्या पगारातून देता आले असते. तितकीही हालचाल मी केली नाही.

दोन वर्षांनी, 1990 मध्ये, सरकारनं दहा हजारांपर्यंतची ग्रामीण थकबाकी माफ केली. पात्र कर्जदारांच्या याद्या करता करता आमची बोटं दुखली. खरोखर नाडलेले शेतकरी त्यात होते, आणि कधीच खरेदी न झालेल्या म्हशीही होत्या. एक दिवस त्या गृहस्थांच्या गावचं नाव यादीत आलं आणि मी चौकशी केली. ते गेले होते. गावात कामाला गेलो तेव्हा मारुतीच्या देवळात ती पायपेटी दिसली. वर कापड टाकून तिच्यावर पोथी ठेवलेली होती. मी खाली बसून पायटा दाबून पाहिला. नुसता वारा गेला, सूर आला नाही. अठराशे रुपयांचं ते कर्ज त्या म्हाताऱ्यानं फेडलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

नोकरीचा शेवट नांदेडला झाला आणि मी इथंच राहिलो. इथं संगीत शंकर दरबारात गाणं ऐकायला जातो. नाट्यपद सुरू झालं की सभागृहाची बसण्याची तऱ्हाच बदलते. पाठी ताठ होतात, शेजारच्या म्हाताऱ्याचा हात मांडीवर ठेका धरतो. 2011 साली बालगंधर्वांवर चित्रपट निघाला, तेव्हा माझ्या मुलींच्या पिढीलाही हे नाव नव्यानं कळलं. मोबाइलवर त्यांचं पद केव्हाही लागतं. तीन मिनिटांच्या तबकडीत कोंबलेलं ते गाणं म्हणजे त्या रात्रभराच्या गाण्याची चिमूटभर विभूती आहे. पण चिमटीतूनही कळायचं ते कळतं.

सेवानिवृत्तीनंतर लातूरचं जुनं घर आवरताना आबांच्या पेटाऱ्यात घरखर्चाच्या वह्या मिळाल्या. मोडी लिपीतल्या. मला मोडी येत नाही. नांदेडला मोडी वाचणारे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे वह्या घेऊन गेलो. माणसाचा स्वभाव त्याच्या जमाखर्चात दिसतो, म्हणून मला उत्सुकता होती. फसली 1336, म्हणजे 1926-27 च्या वहीत सोलापूरची नोंद सापडली. गाडीभाडं, हालीचे कलदार करताना गेलेली तूट, तिकीट, एका वेळचं जेवण. पुढच्या पानांवर उचल फेडल्याचे महिन्याचे हप्ते. शेवटचा हप्ता फिटल्यावर खाली दोन आडव्या रेघा. म्हणजे बालगंधर्व स्वतःचं कर्ज फेडायला गात होते त्याच वर्षांत लातूरचा एक मुनीम कर्ज काढून त्यांचं तिकीट घेत होता. दोघांचीही देणी फिटली.

आबांची शिस्त अशी, की प्रत्येक खर्च कुठल्या ना कुठल्या खात्याखाली पडलाच पाहिजे. किराणा, कपडालत्ता, औषधपाणी, देवधर्म, अशी खाती पाडलेली. करमणूक नावाचं खातं त्या वहीत नव्हतं. मग हे पैसे कुठं टाकले असतील, म्हणून मी स्नेह्यांना वरचा मथळा वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, वही उजेडाकडे धरली आणि वाचलं. आबांनी सोलापूरचा सगळा खर्च तीर्थयात्रेच्या खात्यावर लिहिला होता.